सह्याच कापून टाकलेला साइक्स-पिको नकाशा: तीन जुन्या नकाशांच्या प्रिंटचा रिव्ह्यू

अरबस्तानचे जुने नकाशे प्रिंट करून भिंतीवर लावायचा विचार असेल तर ऑर्डर द्यायच्या आधी हे वाचा, कारण माझे ३४० दिरहम आणि जवळपास दीड महिना यात गेला आणि पहिल्या खेपेला जे हातात आलं ते बघून खरंच वाईट वाटलं होतं.

मी शारजात सर्व्हेयर आहे, चौदा वर्षं झाली, रोजचं काम म्हणजे प्लॉटचे कोपरे, रस्त्यांची अलाइनमेंट, पाइपलाइनचे कॉरिडॉर. आमचे एक सिनियर यंदा रिटायर झाले, ऑफिसात सगळे त्यांना मुहंदिस म्हणजे अरबीत इंजिनियर म्हणतात, पासपोर्ट जॉर्डनचा पण घराणं मूळचं पॅलेस्टाइनमधल्या अक्का शहरातलं, म्हणजे इंग्रजी नकाशात ज्याला एकर म्हणतात ते. या माणसाने मला हद्द कशी वाचायची ते शिकवलं, त्यामुळे घड्याळ किंवा पेन देण्यात काही अर्थ नव्हता, नकाशेच द्यायचे असं ठरवलं. एका ऑनलाइन प्रिंटवाल्याकडे तीन नकाशांचा सेट दिसला, चोवीस बाय छत्तीस इंच, मॅट पेपर, ट्यूबमध्ये घरपोच. दुकानाचं नाव देत नाहीये, एकतर त्यांनी नंतर काम नीट करून दिलं आणि दुसरं म्हणजे मी नंतर आणखी चार ठिकाणी चौकशी केली तर हाच घोळ सगळीकडे आहे.

सेटमधला पहिला १९१६ चा साइक्स-पिको नकाशा, म्हणजे ब्रिटन आणि फ्रान्सने ऑटोमन तुर्कांचा अरब मुलूख आपसांत वाटून घ्यायचा गुप्त करार केला त्याचा, दुसरा १९०८ चा सर्व्हे ऑफ इंडियाचा अरबस्तान आणि आखाताचा नकाशा, आणि तिसरा १८२० च्या दशकातल्या बॉम्बे मरीनच्या, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमाराच्या सर्व्हेवरून केलेला आखाताचा चार्ट.

ट्यूब उघडली, कागद छान होता, जाड, चकाकी नाही, शाई पसरलेली नाही, रंग तर मूळ स्कॅनच्या एकदम जवळ. साइक्स-पिको आधी उलगडला, फ्रेंचांचा निळा भाग आहे, ब्रिटिशांचा लाल भाग आहे, फ्रेंच वर्चस्वाचं मोठं ए आणि ब्रिटिश वर्चस्वाचं मोठं बी आहे. आणि सह्या नाहीत! खालची पट्टी सरळ कापलेली. त्या नकाशावर मार्क साइक्स आणि फ्रान्स्वा जॉर्ज-पिको या दोघांच्या सह्या आहेत आणि ८ मे १९१६ ही तारीख आहे, त्यासाठीच तर तो नकाशा घ्यायचा. नकाशा फ्रेमच्या मापात बसावा म्हणून कुणीतरी कॉम्प्युटरवर चारी बाजूंनी समास उडवला होता, त्यात शीर्षकाचा अर्धा भाग गेला, स्केलची पट्टी गेली आणि सह्याही गेल्या.

आपल्याकडे गावात हद्द कायम करायची मोजणी होते तेव्हा काय होतं आठवा. भूकरमापक येतो, खुणा दाखवतो, ‘क’ प्रत मिळते, आणि त्या प्रतीवर सही-शिक्का आणि तारीख नसेल तर तिला तालुक्याला कोणी हात लावत नाही, शेजारी तर नाहीच नाही. रेघ कुठून जाते हे जितकं महत्त्वाचं तितकंच ती कोणी ओढली, कधी ओढली, कोणाच्या सांगण्यावरून ओढली, कुठल्या स्केलवर ओढली हे महत्त्वाचं, आणि हे सगळं असतं समासात. समास कापला की पुरावा जातो आणि उरतो तो वॉलपेपर. अरबस्तानच्या बाबतीत तर हे दहापट खरं आहे कारण तिथल्या कित्येक रेघा अशा माणसांनी ओढल्या ज्यांनी ती जमीन पाहिलेलीच नव्हती, मग निदान त्यांची नावं तरी कागदावर राहू द्या ना.

साइक्स-पिकोचंच बघा. खालचा छापील नकाशा रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचा १९१० चा आहे, स्केल एकास वीस लाख, त्यावर रंग भरून आणि रेघा मारून वाटणी केलेली. डिसेंबर १९१५ मध्ये लंडनला मंत्र्यांच्या बैठकीत साइक्सला विचारलं की तुमचं म्हणणं नेमकं काय, तर तो म्हणाला की मला एकरच्या ई पासून किर्कुकच्या शेवटच्या के पर्यंत रेघ मारायची आहे. म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमधल्या अक्षरांपासून! मुहंदिसांच्या गावाचं नाव त्यांच्या भाषेत अक्का आहे, त्यात ते अक्षरच नाही. रेघ जिथून निघाली ती जागा जमिनीवर कुठेच नव्हती, ती छापखान्याने टाइप जिथे बसवला तिथे होती. मी एकास वीस लाखाच्या स्केलवर सहज हिशोब केला, पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली तरी जमिनीवर ती एक किलोमीटर रुंद होते. आम्ही दोन सेंटिमीटरच्या फरकावरून कॉन्ट्रॅक्टरशी दिवसभर भांडतो आणि इथे रेघेच्या जाडीतच एखादी विहीर, खजुराची बाग, आख्खं गाव बसतं.

या प्रिंटबरोबर एक माहितीचं कार्ड येतं त्याबद्दल पण बोलायला हवं. त्यावर लिहिलंय की आजच्या मध्यपूर्वेच्या सीमा याच नकाशाने आखल्या. हे व्हॉट्सअ‍ॅपवर पण फिरतं आणि ते चुकीचं आहे. हा नकाशा आणि आजचा गुगलचा नकाशा शेजारी ठेवा. मोसुल इथे ए मध्ये आहे म्हणजे फ्रेंच वर्चस्वाखाली, आज ते इराकमध्ये आहे, कारण डिसेंबर १९१८ मध्ये फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमांसोने ते ब्रिटनचा पंतप्रधान लॉइड जॉर्जला तोंडी देऊन टाकलं आणि नंतर तुर्कस्तानशी वाद होऊन १९२६ ला निकाल लागला. पॅलेस्टाइन करारात तपकिरी भाग आहे, आंतरराष्ट्रीय कारभार ठेवायचा होता, फक्त हैफा आणि अक्का ही बंदरं ब्रिटिशांना. तसं काही झालं नाही, १९२० मध्ये इटलीत सान रेमोला मँडेट म्हणजे या मुलखांवर कारभार करायचे हक्क वाटून घेतले आणि पॅलेस्टाइन ब्रिटिशांकडे गेलं. सीरिया आणि पॅलेस्टाइनमधली रेघ पुढे १९२३ पर्यंत पोले हा फ्रेंच आणि न्यूकम हा ब्रिटिश अशा दोन अधिकाऱ्यांच्या नावाने ठरत राहिली. साइक्स-पिको हा वाटणीचा पहिला कच्चा खर्डा, तोही गुपचूप केलेला. नोव्हेंबर १९१७ मध्ये बोल्शेविकांनी झारच्या दप्तरातून काढून तो छापला नसता तर अरबांना आणखी किती दिवस पत्ता लागला नसता कोण जाणे, कारण करार ठरत होता त्याच काळात ब्रिटिशांकडून कैरोहून मक्केच्या शरीफ हुसेनला स्वतंत्र अरब राज्याची पत्रं जात होती. कार्डावर चार ओळी लिहायच्या तर एवढं तरी लिहा, माणूस पैसे देऊन घेतो, पाहुण्यांना वाचून दाखवतो.

दुसरा नकाशा मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो. लॉरिमर या ब्रिटिश अधिकाऱ्याचं पर्शियन गल्फचं गॅझेटियर म्हणून एक प्रचंड काम आहे, भूगोलाचा भाग १९०८ ला आला आणि इतिहासाचा १९१५ ला, हिंदुस्थान सरकारने कलकत्त्याला छापलं आणि सरकारी कामापुरतं गुप्त ठेवलं. त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाच्या फ्रेझर हंटरने हा नकाशा तयार केला, बत्तीस मैलाला एक इंच. आखातातलं जवळजवळ प्रत्येक खेडं, विहीर, टोळीचा मुलूख या कामात नोंदवलाय. आता सर्व्हेयर म्हणून मी पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पट्टी लावतो. यावर सुदैवाने स्केलची पट्टी शिल्लक होती, बत्तीस मैलाला एक इंच यायला हवा तिथे ०.८ इंच भरला, म्हणजे हा प्रिंट चाळीस मैलाला एक इंच झालाय पण नकाशावर छापलेलं मात्र बत्तीसच. साधं गणित आहे, अरबस्तान उत्तर-दक्षिण दोन हजार किलोमीटर धरा, मूळ स्केलवर त्याला जवळपास एक मीटर कागद लागतो, छत्तीस इंचात ते समासासकट बसणारच नाही, त्यामुळे दुकानदाराने छोटा केला. छोटा करायला हरकत नाही पण प्रॉडक्ट पेजवर लिहा की आकार ऐंशी टक्के आहे. छोटा केल्याने अक्षरं इतकी बारीक झालीत की रस अल-खैमाच्या मागच्या डोंगरातली गावांची नावं भिंगाशिवाय लागत नाहीत.

पण या नकाशासमोर उभं राहिलं की सगळ्यात जास्त बोलतो तो रुब अल-खालीचा, म्हणजे अरबस्तानच्या दक्षिणेकडच्या मोठ्या वाळवंटाचा रिकामा भाग. १९०८ ला तिथून आरपार एकही युरोपियन गेलेला नव्हता, बर्ट्राम थॉमस गेला तो थेट १९३०-३१ च्या हिवाळ्यात. आणि तरीही त्या रिकाम्या जागेतून रेघा गेल्या! जुलै १९१३ मध्ये ब्रिटन आणि ऑटोमन सरकारने एक करार केला, त्यात कतारच्या पश्चिमेकडून एक रेघ सरळ दक्षिणेला रुब अल-खालीपर्यंत नेली, तिला निळी रेघ म्हणतात. मग मार्च १९१४ ला येमेनच्या बाजूने दुसरी, जांभळी रेघ, एडनच्या हद्दीतल्या एका ठिकाणापासून ईशान्येला ४५ अंशाच्या कोनात सोडली ती वाळवंटात निळीला जाऊन मिळाली. पंचेचाळीस अंश! माझ्याकडे कोणी असं ड्रॉइंग आणलं तर मी विचारेन की मधले पॉइंट कुठे आहेत, तर मधे एकही पॉइंट नाही, कोनमापकाने मारलेली रेघ. आणि हा कागद मेला नाही, १९३० च्या दशकात सौदीशी हद्दीच्या वाटाघाटी झाल्या तेव्हा ब्रिटिशांनी हीच रेघ काढून सांगितलं की ऑटोमनांचे वारस म्हणून ही तुम्हाला लागू आहे. सौदीचा राजा इब्न सौद कशाला ऐकेल, त्याचं म्हणणं की मी ऑटोमनांचा वारस नाही, माझ्या बापजाद्यांचा मुलूख मी परत घेतलाय.

इथे मला सेटमध्ये एक कमतरता वाटली, उकैरच्या हद्दीच्या बैठकीचा काहीच उल्लेख नाही. तीन नकाशांत तो बसत नाही हे मान्य पण कार्डावर तरी हवा. १९२२ च्या नोव्हेंबरअखेर आजच्या सौदीतल्या समुद्रकाठच्या उकैरला तंबू ठोकून इराकमधला ब्रिटिश हाय कमिशनर सर पर्सी कॉक्स, तेव्हा नज्दचा सुलतान असलेला इब्न सौद आणि इराकची मंडळी बसली, बरेच दिवस बोलणी अडली. अडली कशावर ते समजून घ्या. इब्न सौदचं म्हणणं होतं की हद्द टोळीची असते, टोळी ज्या विहिरींवर उन्हाळा काढते, जिथे उंट चारते तो तिचा दीरा, आणि टोळी ज्याला जकात देते तो तिचा शेख, मग रेघ कशाला? आपल्या धनगरांच्या वाटा ज्यांनी बघितल्यात त्यांना हे लगेच कळेल, कोकणात उतरायचं आणि पावसाळ्याला परत घाटावर, मधे कुठे आडवी रेघ मारणार. शेवटी कॉक्सने लाल पेन्सिल घेतली आणि नकाशावर हद्द ओढून दिली, ही हकीकत तिथे हजर असलेल्या हॅरल्ड डिक्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहून ठेवलीय. कुवेतकडून तर कुवेतचा माणूसही नव्हता, तिथला ब्रिटिश पोलिटिकल एजंट मेजर मोअर होता, आणि १९१३ च्या करारात कुवेतचा म्हणून धरलेल्या मुलखाचा जवळपास दोन तृतीयांश भाग नज्दला, म्हणजे इब्न सौदला गेला. जिथे जमलं नाही तिथे दोन न्यूट्रल झोन, म्हणजे दोन्ही बाजूंचे सामाईक पट्टे ठेवले, त्यातला इराकच्या बाजूचा चौकटीच्या पत्त्यासारखा तिरका चौकोन जुन्या अ‍ॅटलासमध्ये अजून दिसतो. कुवेतच्या बाजूच्याची वाटणी व्हायला १९६० चं दशक उजाडलं, तोवर तिथे तेल लागलं होतं.

आणि कुवेत-इराकची रेघ. तिचं वर्णन शब्दांत केलंय, सफवान गावाच्या अक्षांशाच्या ‘जरा दक्षिणेला’. जरा म्हणजे किती? त्यासाठी सफवानच्या दक्षिणेला रस्त्यावर एक फळी रोवली होती, ती नाहीशी झाली, १९४० मध्ये परत लावली, इराक म्हणालं तुम्ही ती आमच्या हद्दीत रोवलीत. एका फळीच्या खड्ड्यावरून! हे शेवटी युनोच्या कमिशनने १९९२-९३ मध्ये उपकरणं लावून, जुने नकाशे आणि जुने फोटो बघून अक्षांश-रेखांशात मांडलं, तोपर्यंत एक युद्ध होऊन गेलं होतं. मुहंदिस आम्हाला नेहमी सांगायचे, खांब रोवलास की त्याच दिवशी तीन पक्क्या खुणांपासून त्याचं अंतर लिहून ठेव, खांब चालतात. ते सफवानचं उदाहरण देऊनच सांगायचे.

तिसरा चार्ट. याच्या प्रिंटमध्ये काहीही खोट नाही, बहुतेक मूळचा आकारच फ्रेमच्या मापाचा म्हणून कापायची वेळ आली नसावी. किनाऱ्याची बारीक नक्षी, समुद्रात खोलीचे फॅदममधले (एक फॅदम म्हणजे सहा फूट) आकडे मुंग्यांच्या रांगेसारखे आणि किनाऱ्याच्या आत बहुतेक कोरं. १८२० ला ब्रिटिशांचा आखातातल्या शेखांशी तह झाला आणि त्याच सुमारास बॉम्बे मरीनची जहाजं मुंबईहून येऊन गाय, ब्रक्स, हेन्स अशा अधिकाऱ्यांनी अख्ख्या आखाताचा सर्व्हे केला, १८२९ पर्यंत चालला होता. मुंबईकरांना हे माहीत असायला हवं, १८७३ पर्यंत इराणच्या किनाऱ्यावरची बुशहरची रेसिडेन्सी, म्हणजे आखातातलं ब्रिटिशांचं मुख्य ठाणं, मुंबई सरकारच्या हाताखाली होती आणि एडन तर १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होतं. त्यातला हेन्स, किनाऱ्याचे खोलीचे आकडे घेणारा माणूस, त्यानेच १८३८ मध्ये एडनचा तेव्हाचा मालक असलेल्या लाहेजच्या सुलतानाशी एडनसाठी बोलणी केली आणि जानेवारी १८३९ मध्ये ते बंदर जिंकून घेतलं. मोजणारा, बोलणी करणारा आणि ताबा घेणारा एकच. पुढे हिशोबात तूट निघाली म्हणून मुंबईच्या तुरुंगात सहा वर्षं काढली, १८६० ला सुटला आणि आठवड्याभरात गेला. चार्टवरचे आकडे बघताना मला दर वेळी तो आठवतो.

आता सर्व्हिसबद्दल. मी फोटो काढून मेल केला, पहिलं उत्तर आलं की ‘कलाकृती फ्रेमनुसार ऑप्टिमाइझ केली आहे’. मी परत लिहिलं, शांतपणे, की हा करार आहे, कलाकृती नाही, सह्यांशिवाय याला किंमत नाही, आणि मूळ कागद लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहे तो पूर्ण दिसतो तसाच मला पूर्ण हवा. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी दुसऱ्या कोणाचं तरी उत्तर आलं, त्यांनी माफी मागितली, आधी प्रूफ पाठवलं, त्यावर मी सह्या, तारीख, शीर्षक, स्केल सगळं तपासून हो म्हटलं, मग नवीन प्रिंट फुकट आला. हंटरच्या नकाशासाठी मात्र मोठ्या आकाराचे जादा ९० दिरहम घेतले, कागद जास्त लागतो, मला पटलं. पट्टी लावली, एक इंच बरोबर भरला. कार्ड अजून तेच जुनं आहे, ते काढून टाका किंवा दुरुस्त करा असं मी कळवलंय.

ज्यांना फक्त बघायचं आहे, भिंतीवर लावायचं नाही, त्यांनी पैसे घालवू नयेत, कतार डिजिटल लायब्ररीवर इंडिया ऑफिसचे हजारो कागद फुकट आहेत, लॉरिमर आहे, हंटरचा नकाशा आहे, आणि झूम इतका जातो की कागदाच्या घड्या दिसतात. मी दर शुक्रवारी सकाळी तिथे तास-दोन तास असतोच.

भिंतीसाठी घेणारच असाल तर ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा की पूर्ण शीट, चारी समासासकट, आणि प्रूफ मागा. स्केल विचारा. कॅनव्हासवर अजिबात घेऊ नका, मी नमुना बघितला, विणीमुळे बारीक अक्षरं फुटतात. लॅमिनेशन पण नको, ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही. कागदाला पाच पैकी पाच, रंगाला पाच, पहिल्या खेपेच्या कापाकापीला एक, कार्डाला एक, दुसऱ्या खेपेला साडेचार.

निरोपाच्या दिवशी आम्ही मुहंदिसांना घेऊन मढाला गेलो होतो, खोरफक्कानजवळ, ते ओमानचं गाव चारी बाजूंनी अमिरातीने वेढलेलं आणि त्याच्या पोटात परत नहवा हे शारजाचं. पन्नासच्या दशकात ज्युलियन वॉकर नावाचा तरुण ब्रिटिश अधिकारी लँडरोव्हर घेऊन या डोंगरांतून फिरला आणि गावोगाव विचारत गेला की तुमचा शेख कोण, अमिरातींमधल्या आतल्या हद्दी त्यातून आल्या, म्हणून त्या इतक्या वेड्यावाकड्या आहेत, माणसांना विचारून आखलेल्या. चौकी नाही, फाटक नाही, मोबाइलवर ओमानचं स्वागत येतं आणि दहा मिनिटांत परत अमिरातीचं. तिथे नहवाच्या मशिदीसमोर सावलीत गाडीच्या बॉनेटवर आम्ही तो नवीन प्रिंट उलगडला. त्यांनी चष्मा वर केला, रंगांकडे बघितलंच नाही, आधी खाली सह्यांवर बोट ठेवलं, तारीख वाचली, मग बोट हळूहळू वर किनाऱ्याने नेत अक्कावर आणून थांबवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.